गोठ्यामागची माती

आमच्या घरात त्या वर्षी दोघी गाभण होत्या, चांदी आणि मी. हे वाक्य माझं नाही. माझ्या सासूचं, हौसाबाईचं आहे, आणि ते तिने भाईंदरच्या आमच्या खारी गावातल्या एकूण एक ओट्यावर बसून सांगितलं. चांदी म्हणजे आमची म्हैस. माणसाला गाभण म्हणत नाहीत, पोटुशी म्हणतात, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. सासू हसायची. "म्हशीला लाज न्हाय वाटत, तुना कशाला वाटते गो?"

मी रागवायचे, पण खोटं कशाला बोलू, मनातून बरंही वाटायचं. माझे आईवडील महाडकडचे. इथे जवळच गोडदेवला एका खोलीत आम्ही भावंडं वाढलो, आणि माझ्यासाठी मुद्दाम कोणी काही करावं असं कधी घडलं नव्हतं. इथे सासू एका हाताने चांदीपुढे सरकी-पेंड ठेवायची आणि दुसऱ्या हाताने माझ्यापुढे दुधाचा पेला. गावाला चहूबाजूंनी इमारतींनी घेरलं होतं, गल्लीत एक रिक्षा शिरली की दुसरी अडायची, आणि त्या सगळ्याच्या मधे आमचा गोठा, एक विहीर आणि मागचा जमिनीचा तुकडा एवढं शिल्लक होतं. सासऱ्यांना त्याचा भारी तोरा.

तो तुकडा म्हणजे पूर्वीचं भाताचं खाचर. भात पिकेनासं झाल्यावर सासऱ्यांनी तो एका भंगारवाल्याला भाड्याने दिला. त्याने पत्र्याची शेड ठोकली आणि ट्रक-रिक्षांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवायची भट्टी लावली. लग्न होऊन मी आले तेव्हा भट्टी जोरात होती. पांढुरका धूर घरात शिरायचा, घशात काहीतरी गोडसर-तुरट बसायचं, दोरीवरच्या साड्या झटकल्या की राख उडायची. बॅटरीतलं तेजाब ती माणसं सरळ जमिनीत ओतायची, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. मी एकदा दिपेशला, माझ्या नवऱ्याला, म्हटलं की हे बरं नाही. तो म्हणाला, "भाडं येतंय ना वेळेवर? मग गप बस."

शेवटी शेजारच्या नव्या बिल्डिंगमधली पोरं खोकायला लागली, त्यांच्या आईबापांनी आरडाओरडा केला, आणि भट्टीवाला गाशा गुंडाळून पसार झाला. मागे राहिली फुटक्या बॅटऱ्यांची काळी खोकी आणि राखेचा ढीग. पुढच्या जुलैत सव्वीस तारखेचं ते भयंकर पाणी आलं. त्याने ढीग सपाट केला आणि गोठ्याच्या भिंतीपर्यंत पसरवून टाकला. पाणी ओसरल्यावर सासरे कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "बरा झाला. फुकटचा भराव मिलाला." आम्ही माना डोलावल्या.

चांदी चाटायला लागली ती त्यानंतर. सोडली की विहिरीकडे न जाता ती गोठ्यामागे जायची आणि जमीन चाटत उभी राहायची. कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. हा खारपट्टा आहे, मिठागरांच्या कडेची जनावरं पिढ्यानपिढ्या खारट माती चाटत आली आहेत. आणि आमच्या घरातल्या बायकांचा याच्यावर बांधलेला एक नेम होता. पोटुशीला मातीचे डोहाळे लागले तर कुठलीही माती द्यायची नाही, जनावर चाटतं तिथलीच आणायची. माणूस फसेल, जनावर फसायचं नाही. हौसाबाईच्या सासूने तिला अशीच माती दिली होती, त्या सासूला तिच्या सासूने.

तिसऱ्या महिन्यात मला मातीचे डोहाळे लागले.

ज्याला हे कधी झालं नाही त्याला कसं सांगू? मला चिंच नको होती, कैरी नको होती. अंगणात कोणी पाणी शिंपडलं की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. भिंतीचा पोपडा दिसला की नखं शिवशिवायची. लाजेने मी कोणाला बोलले नाही, पण सासूने मला चुलीच्या कडेची माती खरवडताना पकडलं. मला वाटलं आता शिव्या बसणार. पण तिचा चेहरा असा फुलला, जसा काही मी पहिला नंबर काढला.

"माती लागली? अगो मग बोलायचा ना! डोहाला मारला तर पोराची लाल गलते जन्मभर."

ती त्याच पावली पाटी घेऊन गोठ्यामागे गेली. चांदी जिथे उभी राहायची तिथली माती तिने खुरप्याने काढली, निवडली, ढेकळं निखाऱ्यावर खरपूस भाजली, वर पाण्याचा हबका मारला आणि वाटीत घालून माझ्यापुढे ठेवली. त्या वासाने मी वेडी झाले. चव गोडसर होती, जिभेच्या मागच्या बाजूला किंचित लोखंडी. एवढी गोड माती मी कधी खाल्ली नव्हती, तशी तर मी कुठलीच माती खाल्ली नव्हती, पण ही गोड होती यात शंका नाही.

दिपेशला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "लग्न करून माती मी खाल्ली, आणि ही माझ्यावर सूड उगवतेय." मी त्याला लाटणं फेकून मारलं. सगळे हसले, सासरेसुद्धा. त्या घरात मी इतकी लाडावलेली कधीच नव्हते. दुपारी भांडी आटपली की सासू वाटी आणून द्यायची आणि समोर बसून बघायची. "खा गो बाय. चांदी बग कशी मिटक्या मारते."

महिनाभराने चांदी दात खायला लागली. तोंडात वैरण नसताना कराकरा आवाज यायचा, सारखा, घरात बसलं तरी ऐकू येईल असा. दूध निम्म्यावर आलं. नावाने हाक मारली की पूर्वी ती कान टवकारायची, आता तशीच उभी राहायची. सासूने तिची दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या.

माझंही पोट दुखायला लागलं होतं. दुखायचं म्हणजे आत कोणीतरी पिळा घालून धरून ठेवायचं. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. तोंडाला कसलीतरी धातूची चव, जेवण नको, माती मात्र हवी. चेहरा पिवळट दिसायला लागला. आरशात बघितलं तर हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ. मी म्हटलं, मिशेरीची असेल. लहानपणापासून आईबरोबर मिशेरी लावायची सवय, ती डोहाळे लागल्यापासून बंद केली होती, तरी डाग राहिला असेल. सासूने माझ्यावरूनही मीठ-मिरच्या उतरल्या. एकाच मुठीने दोघींची दृष्ट, आधी म्हशीची मग माझी.

मग एका सकाळी चांदी गाभडली.

मी दूध घ्यायला म्हणून गेले आणि बघितलं. रेडकू पुरतं घडलेलं होतं. त्याला खूर होते, पापण्या होत्या. ते शेणात पडलं होतं आणि चांदी त्याला चाटत नव्हती. ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती, कपाळ भिंतीला टेकवून, आणि सगळ्या अंगाने भिंत ढकलत होती. मी पोटावर दोन्ही हात ठेवले. सासूने मला खसकन मागे ओढलं, डोळ्यांवर पदर टाकला आणि घरात कोंडलं. पोटुशीने असलं बघू नये. पण मी बघून चुकले होते.

गुरांचे डॉक्टर स्कूटरवरून आले. हरिश्चंद्र त्यांचं नाव, काशिमिऱ्याकडचे तबेले सांभाळायचे, पिकलेले केस, बोलणं मोजकं. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी चांदीच्या डोळ्यापुढे झटकन हात नेला. पापणी हलली नाही.

"आंधळी झालीय," ते म्हणाले. "काय खाल्लं हिने?"

"नेहमीचाच खाते," सासरे म्हणाले. "पेंड, कडबा."

"आणि माती," दिपेश म्हणाला. "खारी माती चाटते ना, तिकडे मागे."

डॉक्टर गोठ्यामागे गेले. बाकीचे त्यांच्या मागून, आणि माझ्याच्याने राहवेना म्हणून मीही. त्यांनी पायाने माती उकरली. काळ्या खोक्याचा तुकडा वर आला. त्यांनी राखाडी रंगाचा एक खडा उचलला आणि तळहातावर वरखाली करून बघितला. एवढासा खडा, पण हात खाली जात होता.

"इथे बॅटऱ्या फोडत होते?"

सासरे म्हणाले, "भाड्यानं दिलेली. आता बंद हाय."

"हे मीठ नाही, आजोबा. शिसं आहे. जनावराला याची चव लागते, मग ते चाटतच राहतं."

"पन जनावराला कलते ना?" हौसाबाई मधे बोलली. तिचा आवाज भांडणाचा होता. "इख असता तर तिनं तोंड लावला नसता. जनावराला कलते."

"नाही कळत, आजी. गवतातलं विष कळतं. हे त्यांच्या ओळखीचं नाही."

सासू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. डॉक्टर सासऱ्यांना सांगत होते, दूध कोणाला देऊ नका, विहिरीचं पाणी बंद करा, ही जागा झाका. मग त्यांनी विचारलं, अगदी सहज, ठरलेला प्रश्न असावा तसं, "लहान मुलं खेळतात का इथे? ही माती कोणाच्या तोंडात जाते का?"

दिपेशने माझ्याकडे बघितलं नाही. त्याचा मला आजही राग आहे.

"माझ्या," मी म्हटलं. "रोज. वाटीभर."

डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. पुष्कळ वेळ ते हात पुसत राहिले. "मी गुरांचा डॉक्टर आहे, बाई," ते म्हणाले. "तुमचं मला सांगता येणार नाही. आजच्या आज तुमच्या डॉक्टरकडे जा." हौसाबाई मटकन खाली बसली, त्याच मातीत. मग तिला कळलं आपण कुठे बसलोय आणि ती दोन्ही हातांनी लुगडं झटकायला लागली, झटकायचं थांबेचना.

चांदी त्याच आठवड्यात गेली. सासऱ्यांनी मागच्या जागेवर निळी ताडपत्री अंथरली, कडेने दगड ठेवले. वारा आला की ती फडफडायची.

माझ्या डॉक्टर हिनाबेन. त्यांच्याकडे मी दर महिन्याला जायचे, लोहाच्या गोळ्या आणायचे, आणि मातीचं त्यांना कधी सांगितलं नव्हतं, कारण हे काय सांगायचं? त्यांनी माझा खालचा ओठ बोटाने ओढला, टॉर्च मारला, हिरड्यांची ती रेघ बघितली आणि टॉर्च बंद केला. "बेटा, हे मिशेरी नथी," एवढंच म्हणाल्या. रक्त घेतलं. तसली तपासणी भाईंदरला होत नव्हती, मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी दिपेशला बाहेर बसवलं.

"देखो संजना, शरीर भोळं असतं. शिसं आत गेलं की ते त्याला कॅल्शियम समजतं आणि हाडात जपून ठेवतं. आणि बाळाची हाडं बनायला लागली की तुझ्या हाडातून काढून बाळाला देतं."

"म्हणजे मी आता खाल्लं नाही तरी?"

"तरी पण. जे आहे ते आहे. पण नवीन आत गेलं नाही पाहिजे. एक कण पण नाही. समजली? ती हवा नको, ते पाणी नको. आईकडे जा."

मी विचारलं, बाळ कसं होईल? त्यांनी चष्मा काढला. काही बाळांना काहीच होत नाही, म्हणाल्या. काही लवकर येतात. काही चांगली दिसतात, हसतात, आणि शाळेत गेल्यावर कळतं. मी विचारलं, आणि खायची इच्छा कधी जाईल? त्या म्हणाल्या, रक्त कमी आहे म्हणून इच्छा होते, माती खाल्ली की रक्त अजून कमी होतं.

मी गोडदेवला आईकडे आले. आता सहावा सरत आलाय. हौसाबाई एकदाच येऊन गेली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. चपला तिने जिन्याखाली काढल्या होत्या आणि पाय नळावर धुतले होते. "तिकडचा काय नको यायला तुज्या घरात," म्हणाली. जाताना तिने माझ्या पोटाला हात लावायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मला तिची कीव आली आणि तिचा गळाही धरावासा वाटला, दोन्ही एकदम.

माझी आई, विमलाबाई, जेलरपेक्षा कडक. तिने मला चुन्याच्या भिंतीपासून लांब झोपवलं. माठ टाकून दिला, मातीचा वास येतो म्हणून. खडू, राख, विटकरीचा तुकडा, घरात काही ठेवलं नाही. नाचणी, तीळ, दूध, पालक, दिवसभर तिचं चालूच. खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली सगळं काँक्रीट. "इथे तुला माती मिळणारच नाही," ती म्हणायची, आणि मला हायसं वाटायचं. खरंच वाटायचं. मला हे मूल हवं आहे. धडधाकट, डोळ्यांनी बघणारं, हाक मारली की वळणारं मूल मला हवं आहे, याच्याहून दुसरं काही नको.

आणि तरी काल दुपारी आई खाली भाजीला गेली तेव्हा मी खिडकीशी उभी होते. जाळीत तेलाच्या डब्यात तुळस आहे. सकाळी आईने घातलेलं पाणी अजून मुरत होतं. वास आला. तुळशीच्या मातीला कोणी तोंड लावील असं आईच्या स्वप्नातही आलं नसतं, म्हणून तेवढी राहिली होती. मी मनात मोठ्याने म्हणाले, नाही. खिडकी लावली. परत उघडली. कडेकडेने बोट खुपसलं. एक कण पण नाही, हे हिनाबेनचे शब्द मला ऐकू येत होते, आणि बोट तोंडात गेलेलं होतं. मग दुसऱ्यांदा गेलं. मग मी चिमटीने घेतली. गोड होती. डोळ्यांतून पाणी आलं इतकी गोड होती.

आई परत आली तेव्हा माझ्या तोंडात शेवटचा घास होता. मी ओठ मिटून घेतले. तिने पिशवी ठेवली, खिडकीकडे बघितलं.

"अगंबाई, तुळस कोणी उकरली? कावळ्याचंच काम." ती माती थापटायला लागली, बोलत बोलत, पाठ माझ्याकडे. "पण काही म्हण, ही माती आणल्यापासून हिने जो जोर धरलाय! पानं बघ. आधीच्या तीन तुळशी जळल्या माझ्या. संक्रांतीला तुझ्याकडे हळदीकुंकवाला आले होते ना, तेव्हा तुझ्या सासूने गोणी भरून दिली. मी म्हटलं एवढी काय करू, तर म्हणाली वाटा शेजारीपाजारी. वाटली की. खालची गिरिजा, समोरची, पार चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांच्या तुळशी याच मातीत आहेत. सासू म्हणाली, आमच्या गोठ्यामागची आहे, म्हैस सुद्धा..."

ती थांबली. थापटणारा हातही थांबला. तिने मातीतल्या खुणा निरखून बघितल्या. कावळ्याच्या चोचीच्या नव्हत्या त्या.

भीती मला नंतर वाटली. आधी फक्त एवढं वाटलं की तरीच, तरीच ती ओळखीची लागली. जीभ माझ्या आधी ओळखून बसली होती.

आई वळली. तिने माझा चेहरा बघितला, बोटं बघितली. लहानपणी मी काही तोंडात घातलं की ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात ती म्हणाली, "संजू, तोंड उघड."

मोरी दोन पावलांवर होती. थुंकायचं होतं, बस. मी आधी गिळलं, आणि मग तोंड उघडलं.